तूर्त मासा नको

काशीला बदली झाली तेव्हा ज्याला त्याला मला सावध करायचं होतं. गल्लीत बैल आला तर भिंतीला चिकटून उभ्या राहा, माकडांसमोर हातात काही धरू नका, नावाड्याशी आधी ठरवा आणि मगच नावेत पाय ठेवा. अण्णांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. काशीतल्या माझ्या सगळ्या मुक्कामात बैलाने मला कधी अडवलं नाही, माकडांनी एकदाच काय ती चप्पल पळवली. अण्णांनी मात्र रोज, न चुकता, वैताग आणला.

मी त्यांची भाडेकरू. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं उंच, अरुंद घर. दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर अण्णा आणि काकू. अण्णांचं खरं नाव वामनराव. एका इंटर कॉलेजात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे गल्लीला ते मास्साब. त्यांचं घराणं पेशवाईत कधीतरी यात्रेला म्हणून आलं आणि परत जावं की न जावं हे ठरवता ठरवता इथलंच होऊन गेलं, असं इंदूकाकू सांगायच्या. हा इतिहास कितपत खरा ते माहीत नाही, पण अण्णांना पाहिलेल्या कुणालाही तो पटला असता.

अण्णांचा शब्द म्हणजे 'तूर्त'. तूर्त राहू द्या. तूर्त सोचू या. मराठी त्यांच्या घरात टिकून होती, पण तिला गल्लीतलं पाणी लागलेलं होतं. मी बँकेत, म्हणून मी 'बँकबाई'. "बँकबाई, जल्दी काय आहे? मतलब, दुसरी बाजू पण बघायला हवी ना!" आणि अण्णांच्या जगात कुठल्याही गोष्टीला दुसरी बाजू असायचीच. ती सापडली की ते तिसरी शोधायला लागत.

त्यांच्या दारावर पितळेची एक सुरेख पाटी होती. अगदी कोरी. निवृत्त झाल्यावर करून आणलेली, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली, दसऱ्याला चिंचेने घासून लखलखीत केलेली, फक्त नाव तेवढं नाही. नावाआधी 'श्री' घालावं का, पुढे 'निवृत्त' लिहावं का, आणि मुख्य म्हणजे नाव हिंदीत लिहावं की मराठीत. मी म्हटलं, "अण्णा, अक्षरं तीच आहेत हो! वामनराव हिंदीत पण वामनरावच!" त्यावर ते माझ्याकडे कच्च्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघत म्हणाले, "अक्षरं तीच. पण वाचणारा कुठल्या भाषेत वाचेल, ते सोचावं लागेल." भाजीच्या ठेल्यावरही तोच प्रकार. त्यांनी वांगं हातात धरलं की ठेलेवाली आजूबाजूच्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटेला लावून घ्यायची, आणि शेवटी त्यांच्या हातातलं वांगं काढून घेऊन स्वतःच पिशवीत काय ते भरायची. ती माझ्यापेक्षा शहाणी होती. मी वाद घालायचे.

अशा माणसाने मासा निवडायचा होता. तोही समुद्रातला, आणि तोही काशीत.

हे सगळं सुरू झालं काकूंमुळे. इंदूकाकू मूळच्या मालवणच्या. त्यांचे वडील काशीयात्रेला आले, अण्णांच्या घरी उतरले आणि जाताना मुलीचं लग्न ठरवूनच गेले. अण्णांनी 'तूर्त' म्हणायच्या आत होकार झाला होता, असं काकू हसून सांगत. माहेर मासे खाणारं, सासर सोवळ्याओवळ्याचं. काशीत आलं की आवडीची एखादी वस्तू सोडून जायची, ही आपल्याकडची रीत. कुणी पेरू सोडतं, कुणी वांगं. सासूबाईंनी नव्या सुनेला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घाटावर नेलं, पाण्यात उभं केलं आणि मासे सोडायला लावले. "लोक सोडतात आणि आपापल्या घरी जातात," काकू म्हणायच्या, "मी सोडले आणि इथंच राहिले." हे त्या चाळीस वर्षांनंतरही तितक्याच रागाने सांगायच्या, आणि मला तो राग फार आवडायचा.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी काकू जिन्यात पडून त्यांचा खुबा मोडला होता. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून उतरणंच बंद. त्यात काचबिंदू. बाजूचं दिसणं आधीच गेलेलं, समोरचं एवढंसं गोल उरलेलं, आणि तेही आक्रसत चाललेलं. "किती दिवस राहील?" या प्रश्नाला डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हणून हात जोडले. चौघांनी उचलून डोलीतून दवाखान्यात नेऊन आणलं त्या संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "समुद्र काय आता व्हायचा नाही. पण डोळे आहेत तोवर समुद्रातलं काहीतरी जिवंत, हलणारं बघायचं आहे गं. फोनमधलं नको. फोनमधलं मेलं सगळं सारखंच दिसतं."

अण्णांनी ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात काचेची टाकी घरी आणली. मला वाटलं माणूस सुधारला. बैठ्या टेबलावर मावेल एवढी टाकी, पाणी फिरवायची मोटर, वर दिवा, तळाला पांढरी वाळू, समुद्रातून आणलेले खडक, त्यावर बटणाएवढं जांभळं प्रवाळ. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवून पाणी तयार झालं. अण्णांनी खारेपणा मोजायचं उपकरण तीनतीनदा बुडवून पाहिलं आणि वाटीत घेऊन काकूंपुढे धरलं. काकूंनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"कमी आहे."

"अगं, काट्यावर बरोबर आहे!"

"काटा कधी मालवणात गेला होता?"

झालं. काटा खरा की जीभ खरी, यावर दोन दिवस चर्चा.

समुद्राचं पाणी असं महिनाभर मुरू द्यावं लागतं, त्याआधी मासा टाकला तर तो मरतो. अण्णांच्या आयुष्यात पहिल्यांदाच विज्ञान त्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं. त्या महिन्यात ते फार आनंदात होते. कुणीही विचारलं की, "शास्त्रच सांगतं, थांबा!" महिना संपला. पाणी मुरलं, स्थिर झालं, नितळ झालं. मोटर गुणगुणत राहिली. टाकीत मासा नव्हता.

मध्यंतरी गल्लीत एक निराळाच गोंधळ झाला. मागच्या घरात एक म्हाताऱ्या मराठी आजी होत्या, ऐकू कमी, पण बातमीला पक्क्या. त्यांच्या कानावर गेलं की वामनराव मासे सोडणार आहेत. आता काशीत कुणी काही सोडणार म्हटलं की त्याचा अर्थ एकच. आजी काठी टेकत आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि खालूनच कडाडल्या, "वामन, म्हणजे इतकी वर्षं खात होतास का रे?" अण्णा कठड्यावरून ओरडून सांगताहेत, "अहो, पाण्यात सोडणार! टाकीत!" आणि आजी म्हणताहेत, "पाण्यात उभं राहूनच सोडतात, मला काय शिकवतोस!" काकू आत पलंगावर हसून हसून कोलमडल्या. नंतर आठवडाभर गल्लीतल्या चार मराठी घरांत अण्णांच्या पंगतीला बसावं की नाही हा प्रश्न होता.

मासा निवडणं म्हणजे अण्णांच्या लेखी स्थळ बघणं होतं. तशीच चौकशी, तशीच नकारघंटा. जोकर मासा सर्वांत सोपा, नारिंगी, गोजिरवाणा, लहान टाकीला चालणारा. अण्णांनी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात मला सांगितलं, "बँकबाई, त्यांच्यात मादी मेली की नराचीच मादी होते. आमच्या घरात ही भानगड नको." निळा डॅमसेल काटक, पण भांडखोर, दुसऱ्याला जगू देत नाही. "आमच्या भावकीत तसे पुष्कळ झाले." मँडरिन म्हणजे रंगांची नुसती पैठणी, पण तो जिवंत किडेच खातो, नाही मिळाले तर उपाशी मरतो. मोठा निळा सर्जन लहान टाकीत कोंडल्यासारखा होतो, हे मलाही पटलं. एका काळ्या-पांढऱ्या माशाचा नर अंडी तोंडात धरून दिवसेंदिवस उपास करतो, हे वाचून त्यांचे डोळे भरून आले. "बाप असा असावा!" मी म्हटलं, ठरलं मग, आणा. "पण तो रात्रीच फिरतो. दिवसा इंदूला काय दिसणार?" मग एक लाल शेपटीचा. तो घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो आणि मरतो.

"अण्णा," मी अक्षरशः हात जोडले, "काशीत मेला तर त्याला मोक्षच मिळेल! आणा तो!"

त्यांनी यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "तूर्त नको."

इकडे काकूंचं गोल आक्रसत होतं. आधी त्यांना पलंगावरून माझा चेहरा सबंध दिसायचा. मग म्हणायला लागल्या, "जरा मागे सरक, तुझं नाक तेवढंच दिसतंय." हे त्या हसत सांगायच्या. माझ्या मात्र अंगाची लाही व्हायची. पुण्याहून त्यांची मुलगी फोन करून बापाशी भांडायची, मग मला फोन करायची, "तुम्ही तरी काहीतरी करा." मी काय करणार होते? एका रविवारी अण्णांना रिक्षात घातलं आणि पूल ओलांडून रामनगरला नेलं.

तिथे शकीलचं दुकान होतं. तसा तो सोनेरी मासे आणि पिंजऱ्यातले पोपट विकणारा, पण हौशी गिऱ्हाइकांसाठी कलकत्त्याहून समुद्राचे मासे पार्सलने मागवायचा. अण्णांना पाहताच त्याने कपाळाला हात लावला. "आइए मास्साब. आज मछली लेनी है, कि आज भी रिश्ता ही देखना है?" म्हणजे अण्णा तिथे माझ्याआधीही खेटे घालत होते.

 अण्णांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, गुंडाळून त्याची बारीक नळी केली, एक डोळा मिटला, दुसऱ्याला नळी लावली आणि टाकीसमोर उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अण्णा, काय चाललंय हे?"

"इंदूला एवढंच दिसतं," ते नळी न काढता म्हणाले. "डॉक्टरला विचारून नळी केली आहे. निळा बघा, आला आणि गेला. नारिंगी पण सारखा हलतो, नळीत ठहरतच नाही. ती बिचारी शोधत राहील, शोधत राहील आणि थकेल."

 मग त्यांच्या हातातून नळी घेऊन मीही पाहिलं. खरंच, एवढ्या रंगीत माशांनी भरलेल्या टाकीत नळीतून बहुतेक वेळ नुसतं पाणी दिसत होतं. मला त्या क्षणी अण्णांबद्दल जे वाटलं ते वैताग या शब्दात बसत नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण पुढे त्यांनी जे केलं त्याने मी पुन्हा पहिल्यापेक्षा जास्त भडकले.

शकीलने कोपऱ्यातल्या लहान टाकीकडे बोट दाखवलं. तळाशी वाळूत एक बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी बोटभर लांबीचा, हळदीसारखा पिवळा मासा अर्धा बाहेर येऊन बसलेला. "गोबी है. दिन भर यहीं बैठता है, कहीं नहीं जाता. छोटी टंकी में मस्त रहेगा." अण्णांनी नळी लावली. मासा नळीत होता. बराच वेळ झाला, तरी नळीतच होता. फक्त गाल हलत होते आणि डोळे फिरत होते. काटक, भांडण नाही, उपास नाही, भानगड नाही, दिवसा जागा, रंग झळझळीत. मी पर्स उघडली.

"अकेला नहीं दूँगा, जोड़ी है," शकील म्हणाला. "बिल ये नहीं खोदता, झींगा खोदता है. वो देखिए. झींगे को दिखाई नहीं देता, अंधा समझिए. अपनी मूँछ मछली पर रखे रहता है. खतरा हुआ तो मछली पूँछ हिलाती है, दोनों अंदर."

अण्णांनी नळी खाली केली. गुंडाळी उलगडली, वर्तमानपत्र नीट दुमडलं, पिशवीत ठेवलं.

"तूर्त नको," म्हणाले, आणि दुकानाची पायरी उतरले.

परतताना सबंध पुलावर मी बोलत होते. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णा नदीकडे बघत बसले होते. एकदाही 'दुसरी बाजू' म्हणाले नाहीत, हे माझ्या रागात माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी आल्यावर मी सगळं काकूंपुढे ओकले. अण्णा खाली दूध आणायला गेले होते. मासा असा, बीळ असं, कोळंबी अशी, सगळं जुळलेलं आणि हा माणूस पायरी उतरून चालता झाला! काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोळंबी आंधळी म्हणाला ना तो?"

"हो."

"मग झालं तर." काकूंनी पदर सारखा केला. "तुला कळलं नाही का गं अजून? यांच्या मनाने घेतलंय की मासा आला की माझे डोळे जाणार. मासा यायचा असेतोवर डोळे राहणार. म्हणून यांना एकही पसंत पडत नाही. आणि आंधळं काहीतरी तर हे घरात आणूच देणार नाहीत."

"तुम्ही बोला मग त्यांच्याशी!"

"काय बोलू? मी अर्धं वाक्य बोलले की 'गप ऱ्हव' म्हणतात, माझ्याच मालवणीत. आणि डोळे काय यांच्या माशाची वाट बघत थांबणार आहेत? मला बघायचंय गं. एवढंच मागितलं मी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. मला अण्णांची दया यायला हवी होती. नाही आली. राग आला, आणि अजूनही आठवलं की येतो.

थंडी सुरू झाली. एका दुपारी मी चहाला वर गेले होते. काकू खुर्चीत, अण्णा टाकीची काच पुसत होते, आणि टाकीवरचा दिवा लख्ख पेटलेला. काकू मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"लाइट गेली का हो?"

अण्णांच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. गेली. आत्ताच गेली."

 टाकीची मोटर गुणगुणत होती.

"मग मोटर कशी चाललीय?" काकूंनी विचारलं.

अण्णा पुन्हा काच पुसायला लागले. काकूंनी मटाराचं ताट मांडीवरून बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून बसून राहिल्या. पाचदहा मिनिटांनी म्हणाल्या, "आलं परत. थोडं आलं." त्या दिवशी पुढे त्यांनी अण्णांना एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत जायला निघाले तर जिन्यात अण्णा भेटले. अंघोळ नाही, गंध नाही, पूजा नाही, सदऱ्यावर स्वेटर उलटा. अंघोळीवाचून ते घराबाहेर कधी पडले नव्हते. हातात पाण्याने फुगलेल्या दोन पिशव्या, एकीत मासा, दुसरीत कोळंबी. मागून खालच्या मजल्यावरची शेजारीण विचारत होती, "मास्साब, सबेरे सबेरे क्या ले आए?"

"गोबी," अण्णा न थांबता म्हणाले.

"किस भाव दिया?" तिने विचारलं. भर थंडीत काशीत गोभीचेच, म्हणजे फ्लॉवरचेच दिवस. तिने वर पिशव्यांकडे पाहिलं आणि काही न समजून मान हलवली. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. नाव तरी शाकाहारी आहे."

पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, पाण्यात पाणी हळूहळू मिसळलं. मी बँकेत उशीर होणार म्हणून कळवून टाकलं होतं. शेवटी पिशवीचं तोंड उघडून अण्णा हात टाकीवर धरून उभे. उभेच. "सोडू?" त्यांनी विचारलं. "मतलब, पाणी थंड तर नाही ना? अजून जरा—"

"सोडा!" काकू आणि मी एकदमच ओरडलो.

मासा आणि कोळंबी, दोघेही वाळूकडे गेले आणि एका खडकाखाली नाहीसे झाले. ते थेट आठवड्याने दिसले. तो आठवडा अण्णांनी कसा काढला हे मी सांगत नाही, कारण त्याचा मोठा भाग त्यांनी माझ्या डोक्यावर बसून काढला. मेला असेल का, शकीलने फसवलं का, दुसरा आणावा का. काकू तेवढ्या शांत होत्या. काचेला नाक लावून बसायच्या, आणि एका सकाळी त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं.

"आला! अहो, आला!"

आम्ही धावलो. बिळाच्या तोंडाशी पिवळा मासा, खाली ओढलेले ओठ, वर आलेले डोळे, जगावर नाराज. काकूंनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हुबेहूब सासूबाई."

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा माशाकडे पाहिलं आणि फस्सकन हसले. आईची अशी थट्टा झालेली पाहून हसणारे अण्णा मी तेव्हाच पाहिले. तेवढ्यात माशाच्या मागून कोळंबी वाळूचा ढीग पुढच्या पायांनी ढकलत बाहेर आली, वाळू टाकली, माघारी गेली. तिची एक लांब मिशी सगळा वेळ माशाच्या अंगावर होती.

"चाळीस वर्षांनी घरात कोळंबी आली," काकू म्हणाल्या, "आणि ती पण नुसती बघायला."

ती सबंध थंडी काकूंनी टाकीसमोर काढली. माशाचं नाव सासूबाईच पडलं. सासूबाई आज रुसल्या, सासूबाईंनी जांभई दिली, सासूबाईंनी सुनेला कामाला लावलं. संध्याकाळी मी दमून भागून वर गेले की दिवसभराचा सगळा वृत्तान्त. "माझ्या गोलात बरोबर मावतो गं तो," असं त्या मला एकदा म्हणाल्या. कोळंबीला दिसत नाही हा विषय त्या घरात कुणी काढला नाही. काकूंना ते माहीत होतं, त्या रोज ती मिशी बघत होत्या. अण्णांना वाटत होतं की काकूंना माहीत नाही. मी मध्ये पडले नाही.

अण्णा सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. जोडीला अजून एक मासा आणावा का, यावर त्यांचं सोचणं लगेच सुरू झालं. खाणं सकाळी द्यावं की दुपारी, दिवा पांढरा बरा की निळा, यावर मला बँकेत फोन यायचे. पाटी कोरीच होती.

होळी झाली आणि कधीतरी काकूंचं ते गोलही मिटलं. कोणत्या दिवशी ते मला कुणी सांगितलं नाही. एवढंच लक्षात आलं की त्या आता टाकीकडे तोंड करून न बसता कान करून बसतात. अण्णा म्हणायचे, "जरा कमजोरी आहे. डॉक्टरने थेंब बदलले आहेत. तूर्त थोडं कमी दिसतं." हे ते काकूंसमोर म्हणायचे, आणि काकू ऐकून घ्यायच्या. 'दिसत नाही' हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघत नव्हते.

उन्हाळ्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी सामान पुढे धाडलं आणि निरोप घ्यायला वर गेले. दार उघडंच होतं. अण्णांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, आणि तो आवाज ऐकून मी उंबऱ्यातच थांबले. इतकं सलग, न अडखळता, 'पण' न घालता बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आता बाहेर आला. अर्धा बाहेर. तोंड उघडलं. मागून ती आली, वाळू घेऊन आली, टाकली. बघ, परत गेली. त्याने मान इकडे केली, तुझ्याकडे..."

काकू खुर्चीत बसल्या होत्या, अण्णांकडे वळून. मी टाकीकडे पाहिलं. वाळू, खडक, प्रवाळ, बिळाचं काळं तोंड. बाहेर काहीच नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "आत्ता तुम्ही टाकीत हात घालून काच घासलीत. मी ऐकलं ना. हात घातला की तो तासभर बाहेर येत नाही."

अण्णा थांबले.

"दिसतोय का तुम्हाला?"

"मतलब, जरासा... शेपटीकडचा..."

"दिसतोय, की नाही दिसत?"

अण्णांनी टाकीकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसत."

काकूंनी मान डोलावली. हात पुढे करून चाचपला, त्यांची बाही सापडली, ती धरून त्यांना शेजारच्या स्टुलाकडे ओढलं.

"मला पण नाही दिसत," त्या म्हणाल्या. "या, बसा."